चौदावी बॅग

केतकीनं दुकानातल्या बॅगेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "ताई, लग्नाच्या स्थळाचीसुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत!"

"स्थळ भिजलं तरी चालतं, काका. लॅपटॉप नाही."

वर्षभर वाट पाहून तिला कंपनीचा पहिला दौरा मिळाला होता, तोही थेट बंगळूरचा. त्यासाठी तिनं तेरा बॅगांचा तक्ता मांडला होता. वजन, शिवण, चेन, पाणी किती मिनिटांत झिरपतं, सगळ्याला गुण.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "दौरा अलीकडे आलाय. उद्या सकाळीच निघायचं. तयार आहेस ना?"

"सर, अजून तीन बॅगांची चाचणी बाकी आहे. बुधवारपर्यंत निकाल..."

"राहू दे. तुझ्या शेजारचा कदम जाईल."

सकाळी ऑफिसच्या दारात कदम गाडीत बसताना दिसला. लॅपटॉप त्यानं टॉवेलात गुंडाळून साडीच्या दुकानाच्या पिवळ्या पिशवीत कोंबला होता.

केतकीनं सवयीनं पिशवीच्या वजनाचा अंदाज केला. जेमतेम ऐंशी ग्रॅम. तक्त्यातल्या तेराही बॅगा हिच्यापेक्षा जड होत्या, आणि त्यातली एकही बंगळूरला निघाली नव्हती.