जोतीरामची साक्ष

"चौकशीत एवढंच सांगायचं, काका. दानेश्वरीनं सुपरवायझरला ढकललं, तुम्ही बघितलं."

अमरसिंह अगदी मवाळ बोलत होता. फौंड्रीचा कारभार आता त्याच्याकडं होता. संप झाला तेव्हा तो शाळेत जायचा. समोर बसलेला जोतीराम त्या संपात युनियनचा सेक्रेटरी होता आणि त्यापायीच त्याला कामावरून काढलं होतं.

तेव्हाही अशीच चौकशी बसली होती. जोतीरामनं साहेबावर हात उगारला, असं त्याच्या शेजारच्याच मशीनवरच्या वीरभद्रनं सांगितलं. ते खोटं होतं. पण खोटं ठरायला अर्धं आयुष्य गेलं. खालच्या कोर्टात जिंकलं की कंपनी वरच्या कोर्टात जायची. मधल्या काळात जोतीरामनं मार्केट यार्डात गुळाचे जड रवे उचलले. पाठ गेल्यावर वॉचमनकी केली. बायको धोंडुबाई राजारामपुरीतल्या एका मेसमध्ये चपात्या लाटत राहिली. त्याच्याबरोबरच कामावरून काढलेला आकाराम प्रत्येक तारखेला यायचा, कोर्टाबाहेर बसून दोघं एका डब्यातलं खायचे. आकाराम निकालाची वाट बघतच गेला.

कामावर परत घ्या, असा हुकूम झाला तेव्हा जोतीरामच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते. तरी धोंडुबाईनं त्याला ओवाळून पाठवलं आणि गल्लीभर पेढे वाटले.

त्याला आठवडाच झाला असेल. परवा फौंड्रीत एका बाईचा हात भाजला. पाळी सुटल्यावर दवाखान्याचं बघू, असं सुपरवायझर म्हणाला. दानेश्वरी ही कुरुंदवाडकडची, ठेकेदाराच्या हाताखालची पोरगी. तिनं सगळ्या बायकांना काम थांबवायला लावलं आणि भाजलेल्या बाईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आता ती बायकांची युनियन करणार, अशी कुणकुण ऑफिसला लागली होती. जोतीराम तिथंच उभा होता. तिनं सुपरवायझरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

घरी जाऊन धोंडुबाईला काय सांगायचं, हे जोतीरामला सुचेना. वीरभद्रलाही त्या वेळी असंच कुणीतरी गोड बोलून बसवलं असेल, त्याच्याही घरी बायको वाट बघत असेल, हे आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं. वीरभद्रच्या मयतीलाही जोतीराम गेला नव्हता.

"तिनं काय केलं न्हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. "चौकशीत मी तसंच सांगणार. कोर्टात बोलावलं तर तितंबी."

अमरसिंह चिडला नाही. त्यानं शांतपणे समजावलं. दानेश्वरी तर जाणारच होती. काहीतरी कारण काढून जोतीरामलाही बाहेर काढता येईल, आणि आत्ता कुठं हाती आलेलं सगळं पुन्हा कोर्टात अडकेल.

"परत भांडाल तुम्ही, ठाऊक हाय मला. पण काका, या खेपेचा निकाल बघायला तुम्ही असाल का?"

जोतीराम खुर्चीच्या पाठीला धरून उठला.

"मी न्हाय बघणार, साहेब. ती बघंल की."