सात नंबरची माशी

हिमानीने तलावाच्या काठाशी गाडी थांबवली आणि वडिलांपुढे काडेपेटी धरली.

"उजव्या हाताने दे गं," डॉक्टर मुकुंद म्हणाले. "तीस वर्षं सांगतोय."

तिने हसून हात बदलला. "बाबा, एकदा उघडून बघून तर घ्या."

"स्पर्धेच्या सकाळी आपली माशी बघायची नाही. चार वर्षं बघितली नाही, चार वर्षं जिंकलो."

काडेपेटी जाकिटाच्या खिशात गेली.

सलग पाच वर्षं जिंकणाऱ्याचं नाव त्याच्या माशीला द्यायचं, असा मासेमारी मंडळाचा नियम होता. मालवीय नगरातल्या मंडळाच्या खोलीत काचेची चौकट लावायची. आत माशी, खाली नाव. आजवर एकही चौकट लागली नव्हती. डॉक्टर पुढच्या महिन्यात जयपूर सोडून सांगलीला परतणार होते. अडतीस वर्षं त्यांनी इथल्या लोकांची पोटं उघडली आणि शिवली, पण बरा झालेला पेशंट डॉक्टरला विसरतो. चौकट राहिली असती.

माशी म्हणजे खरी माशी नव्हे. गळावर दोऱ्याने पिसं आणि केस असे बांधायचे, की पाण्यावर तो किडाच वाटावा आणि माशाने झेप घ्यावी. मंडळात बहुतेक मराठी माणसं होती. कोणी इस्पितळातलं, कोणी कॉलेजातलं, कोणी छावणीतलं. मासा धरायचा, मोजायचा आणि पाण्यात परत सोडायचा.

स्पर्धेची रीत सुभेदार रंगनाथांनी घालून दिली होती. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने बांधलेली एक माशी आणायची. सचिव प्रज्ञाताई सगळ्यांकडे पाठ करून त्या माशा नंबर घातलेल्या सारख्या डब्यांत ठेवायच्या, कोणाची कुठली ते वहीत लिहायच्या आणि डब्या टोपीत मिसळायच्या. जी हाती येईल ती घेऊन पाण्यावर जायचं. स्वतःचीच निघाली तर परत टाकायची. मासा मात्र धरणाऱ्याचा नाही, माशी बांधणाऱ्याचा.

फेब्रुवारीतली सकाळ होती. चहाचा ग्लास डॉक्टरांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"डॉक्टर, थंडी वाजतेय की भीती?" सुभेदारांनी विचारलं.

"तुमची माशी बघून हसू येणार आहे. ते आवरायची तयारी करतोय."

सुभेदारही हसले. दोघांची ही जुगलबंदी जुनी होती. सुभेदार जवाहर नगरातल्या आपल्या घरी दर गुरुवारी माशी बांधायला शिकवायचे. या हिवाळ्यात हिमानी तिथे जायला लागली, तेव्हा शत्रूच्या छावणीत आपला एक माणूस असलेला बरा, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटले होते.

टोपी फिरली. डॉक्टरांच्या हाती सात नंबरची डबी आली. त्यांनी झाकण उघडलं आणि पाहतच राहिले. उंटाचे मऊ केस विंचरून केलेलं अंग, मानेशी कोंबड्याचं तपकिरी पीस, आणि दोरा उलट्या बाजूने गुंडाळलेला. असा उलटा दोरा मंडळात एकच माणूस गुंडाळायचा. सुभेदार डावखुरे होते.

"स्वतःची नाही ना?" प्रज्ञाताईंनी प्रत्येकाला विचारलं तसं त्यांनाही विचारलं.

"नाही," डॉक्टर ठामपणे म्हणाले.

ते काठाकाठाने पुढे गेले. माशी पाण्यात टाकण्याआधी गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करायचा असतो, म्हणजे मासा सोडताना त्याला जखम होत नाही. डॉक्टरांनी चिमटा दोन्ही हातांनी धरला आणि जरा पुढे सरकवून दाबला. गळाचं टोक तुटून वाळूत पडलं. त्यांनी त्यावर बूट ठेवला.

मग त्यांनी मन लावून मासेमारी केली. दोर हवेत उलगडायचा, माशी पाण्यावर अलगद उतरायची. पहिल्या तासातच पाणी फुटलं. काठी वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"सुटला," डॉक्टर म्हणाले.

असं तीनदा झालं. तिसरा मासा हातभर लांब होता. शेजारच्या दगडावरून सुभेदार बघत होते. डॉक्टरांचा हात आज छान पडतोय, नशीबच साथ देत नाही, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवून दुःख दाखवलं.

पलीकडच्या काठावर मंडळातल्या सतीशला वीतभर रोहू लागला. दिवसभरात तेवढाच एक. चार नंबरच्या माशीवर, असं समजलं. डॉक्टरांनी हिशेब केला. सुभेदारांची माशी आपल्या हातात आहे. मग मासा ओढणारी दुसरी माशी कोणाची असणार?

दुपारी सगळे सतरंजीवर जमले. हिमानी पोह्यांच्या बशा देत होती. माशा एका पाटावर नंबरवार मांडल्या होत्या. डॉक्टरांनी जाकिटाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला.

सुभेदारांनी सात नंबरची माशी तळहातावर घेतली आणि गळावरून अंगठा फिरवला. "टोक नाही हिला."

"दगडाला लागलं असेल."

"असेल. पण बांधणी बघा. माझ्याहून नीट आहे."

डॉक्टरांचा बटणावरचा हात थांबला.

प्रज्ञाताईंनी वही उघडली. "चार नंबर, एक रोहू. बांधणारे सुभेदार रंगनाथ." टाळ्या झाल्या. एकेक नंबर पुढे गेला. "सात नंबर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग पुन्हा वहीत. "डॉक्टर मुकुंद."

हिमानीने बशी खाली ठेवली, सुभेदारांच्या तळहातावरची माशी डाव्या हाताने उचलली आणि आपणच गुंडाळलेल्या उलट्या दोऱ्याकडे, तुटलेल्या गळाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, एकदा उघडून बघून घ्या."