बांधापलीकडचं वावर

नीळकंठने कपाशीचं बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, तिथंही तीच. दहा बोंडं फोडली, नऊ किडकी. अन् हे वावर कोणाचं, तर अर्जुनरावांचं! सरळ तासं, गवताची काडी नाही, बीटीचं महागडं बियाणं. जूनमध्ये नीळकंठनेच बँकेच्या कागदावर लिहिलं होतं, 'जोखीम: कमी'.

बांधापलीकडे नूरबीचं वावर. तिला सौरपंप हवा होता. असल्या कामांसाठी बँकेने नवं हरित कर्ज काढलं होतं. पण नीळकंठने जीपमधून न उतरताच शेरा मारला होता, 'जोखीम: जास्त'. देशी कपाशी, तिच्यात चवळी, अंबाडी, झेंडू, सगळा गबाळा कारभार! हिचं कर्ज बुडणार नाही तर काय? मॅनेजरने फाइल परत धाडली. आज अर्जांचा शेवटचा दिवस, नीट बघून या म्हणाले. पंप मिळाला तर कपाशीनंतर नूरबीच्या हरभऱ्याला पाणी, नाहीतर वावर रिकामं राहणार होतं.

"या साहेब," नूरबी म्हणाली. "आज उतरले म्हणायचं गाडीतून!"

नीळकंठ ओशाळला. त्याने बोंड फोडलं. पांढरं. दुसरंही पांढरं. मग त्याला धीर धरवेना. एकेक ओळ धरून तो बोंडं फोडत गेला. विसात किडकं निघालं एक! झाडाझाडावर कोळ्यांची जाळी होती, पानांवर मावा खाणारे ढालकिडे होते, चिमण्यांनी नुसता कलकलाट मांडला होता. पायाखालची माती दबत होती, चिमूटभर उचलली तर तीत गांडूळ निघालं. अर्जुनरावांच्या वावरात आपण एक पाखरूही ऐकलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

"भाभी, फवारता काय हो?"

"लिंबोळ्या वाटून मारते. बाकीचं काम हे करून राह्यले." तिने चिमण्यांकडे बोट दाखवलं. "यायले हाकलत नाही, बस."

नऊ वर्षं नीळकंठ जोखीम मोजत होता. पावसाची मोजली, भावाची मोजली, माणसाच्या दानतीची मोजली. माती जिवंत आहे की मेलेली, हे कुठल्याच कागदाने त्याला विचारलं नव्हतं, अन् त्यालाही कधी सुचलं नव्हतं.

तो बांधावर बसला. आपलाच शेरा खोडून त्याने 'जोखीम: कमी' लिहिलं आणि सही केली. मग अर्जुनरावांचा कागद काढला आणि पेन उघडंच धरून बसला.

"तो कोनाचा?" नूरबीने विचारलं.

"अर्जुनरावांचा. आता त्यांना पुन्हा कोण देणार कर्ज?"

"काऊन? त्यायले बी हेच द्या नं, हिरवंवालं." तिने ओटीतली सरकी चाचपली. "बियाणं मी देईन. पाखरं त आपोआपच जातीन तिकडं."