वहीवालीचा शोध

"ताई, करणी कोण करतं, ते तुम्ही घरोघर विचारत फिरलात. आता सांगून टाका. जास्ती नाव कुणाचं आलं?"

इस्त्रीवाला उंबऱ्यात उभा होता. मागे गल्लीतली आठ-दहा माणसं. त्याचं लेकरू चार दिवस तापानं फणफणत होतं. आज सकाळपासून डोळाच उघडेना.

गल्ली तिला वहीवाली म्हणायची. चेटूक आणि करणीचा अभ्यास करायला ती आली होती, आणि शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे भाड्यानं राहिली होती. आल्या दिवशीच मावशींनी तिची उसवलेली बाही हातात घेतली होती. "एवढी शिकलीस गं, अन् सुईत दोरा ओवता येईना?" गल्लीत असं एक लेकरू नव्हतं, की ज्याच्या अंगड्याला मावशींचा टाका नव्हता.

वहीत चौदा घरं होती. त्यातल्या अकरा घरांनी मावशींचंच नाव घेतलं होतं.

आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबलं. मावशी ऐकत होत्या.

"नाव मी सांगणार नाही," वहीवाली म्हणाली. "पण मला काय सापडलं, ते सांगते. चेटकीण कुठंच नसते हो. आपण एखादीशी वाईट वागतो. नळावर तिची बादली मागं सारतो. ती आजारी पडली, तर तिच्या दाराकडं फिरकत नाही. ते मनात सलत राहतं. मग घरात काही झालं, की वाटतं, तिनंच केलं. आपण जिला छळतो ना, तिचीच आपल्याला भीती वाटते. जरा आठवून बघा."

माणसं खरंच आठवू लागली. न्हाव्यानं मान खाली घातली. दूधवाला आपल्याच पायांकडं बघत राहिला. वहीवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"खरंय ताई," इस्त्रीवाला हळूच म्हणाला. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "लई छळलं मी मावशीला."

"मीपण," न्हावी म्हणाला.

"सगळ्यांनीच की," मागून कुणीतरी बोललं.

इस्त्रीवाल्यानं डोळे पुसले.

"मग आमच्यावर डूख धरायला तिच्याइतकं कारण दुसऱ्या कुणाला आहे?" तो म्हणाला, आणि वहीवालीला अदबीनं बाजूला करून आत शिरला.