भिंतीकडे तोंड करून

आमचा नवा ऑनलाइन गेम किती गर्दी पेलतो, ते बाजारात आणायच्या आधी बघायचं होतं. म्हणून आम्ही भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरून आम्हीच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारे पन्नास हजार खोटे खेळाडू आत सोडले. सगळे धावत होते, उड्या मारत होते. एकच जण फाटकापाशी भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि शेजारून जाईल त्याला चॅटमध्ये ‘नमस्कार’ लिहीत होता.

ऑफिसात हशा पिकला.

“हे बिघडलेलं ध्यान कोणाचं रे?” साहेबांनी विचारलं.

“माझं नाही बुवा!” म्हणत मी सगळ्यांत मोठ्याने हसलो आणि त्याला बाहेर काढून टाकलं.

संध्याकाळी घरी आलो, तर बाबा दारातच म्हणाले, “मागे तू लिंक दिली होतीस ना, आज जाऊन आलो तुझ्या गेममध्ये. वळायचं कसं तेच कळेना. माणसं फार घाईत होती रे, एकानेही उलट नमस्कार केला नाही. शेवटी हाकललंच मला.”

मी खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिलो.

“तू नको वाईट वाटून घेऊस,” बाबा म्हणाले. “मी तुझा बाप आहे हे कोणाला कळू दिलं नाही. चार लोकांत उगाच तुला कमीपणा.”