सोडतीत राहिलेली सीत्स्के

हॉलंडात मेडिकलचे प्रवेश चिठ्ठ्या टाकून होत, तेव्हा ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांचं पुढे काय झालं, यावर प्राध्यापक डायक्स्ट्रांचं संशोधन होतं. पूर्वी ते या सगळ्यांना वर्षातून एकदा फोन करत. बायको गेल्यापासून दर रविवारी करू लागले. बाकीचे कंटाळून गळाले, सायकली दुरुस्त करणारी सीत्स्के तेवढी टिकली. विद्यापीठानं हे संशोधन नऊ वर्षांपूर्वीच गुंडाळलंय, हे तिला कळलं तर आपला रविवार गेला, ही त्यांची धास्ती.

“डॉक्टर न झाल्याची खंत, पाचपैकी किती?”

“दोन. गेल्या रविवारीही दोनच होती, सर. जेवलात का?”

“सीत्स्केबाई, प्रश्न मी विचारायचे असतात!”



“विचारा की. संशोधन बंद झाल्याचं पत्र मलाही तेव्हाच आलंय, पण रविवारी मला तरी दुसऱ्या कुणाचा फोन येतो?”