पोटावरून फिरलेला हात

मेलेल्या शेळीपाशी करडू मांडीवर घेऊन बसलेल्या सोजराबाईने शेजारच्या ठकूबाईच्या दाराकडे डोळे वटारले. "हिचंच काम! काल शेळी व्याली तशी बघायला आली. पोटावरून हात फिरवून म्हणते कशी, 'अजून केवढं पोट गं हिचं!' तशीच हाकलली मी तिला."

"काही खाऊ घातलं का तिनं?" नवऱ्याने विचारलं.

"कुणाला ठाऊक! पाला होता मेलीच्या हातात."

शेळी पुरायला न्यावी म्हणून नवरा वाकला. पोटाखाली हात घालताच थांबला आणि दोन्ही हातांनी चाचपू लागला. "अगं, आत दुसरं करडू आहे. आडवं आलंय."

सोजराबाईने स्वतः शेळीच्या पोटावरून हात फिरवला. रात्रभर शेळी कण्हत होती आणि ती नुसती दृष्ट काढत बसली होती.

करडू भुकेनं ओरडायला लागलं. आळीत दुभती शेळी एकट्या ठकूबाईकडेच होती. सोजराबाई करडू उचलून तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

ठकूबाईने करडू ओढून घेतलं, आपल्या शेळीच्या आचळाला लावलं आणि खेकसली, "बघत काय राहिलीस? शिंगं धर हिची. दुसरीचं पोर सहजासहजी पाजत नाही ती."